‘रोजची भाकर’ आणि एक दुर्मीळ ग्रीक शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रभूची प्रार्थना आपल्याला इतक्या लहानपणी पाठ होते की तिच्यातला एखादा शब्द थांबून बघावा असे सहसा कुणाला वाटत नाही. पण याच प्रार्थनेत, सगळ्यांत साध्या वाटणाऱ्या ओळीत, असा एक शब्द आहे की ज्याच्या अर्थावर अठराशे वर्षे चर्चा चालू आहे. बायबल अभ्यासाला बसलो आणि हा शब्द निघाला की प्रश्न संपत नाहीत, वेळ संपतो. तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

हा शब्द कोणता आणि तो नेमका कुठे येतो?

शब्द आहे ‘एपिऊसियोस’. “आमची रोजची भाकर आज आम्हांला दे” या ओळीत आपण ‘रोजची’ म्हणतो, त्या जागी मूळ ग्रीकमध्ये हा शब्द आहे. मत्तय ६:११ मध्ये ओळ अशी आहे : ‘तोन आर्तोन हेमोन तोन एपिऊसियोन दोस हेमिन सेमेरोन’. एकेक शब्द ओळीने मांडला तर, ‘ती भाकर आमची, ती एपिऊसियोस, दे आम्हांला आज’. भाकर, आमची, दे, आम्हांला, आज हे सगळे शब्द ग्रीक शिकणाऱ्याला पहिल्याच महिन्यात येतात. अडतो तो मधलाच.

दुसरी जागा लूक ११:३. तिसरी बायबलच्या बाहेरची : ‘दिदाखे’ नावाची आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीची एक छोटी पुस्तिका आहे, तिच्या आठव्या अध्यायात ही प्रार्थना जवळजवळ मत्तयासारखीच दिली आहे. ही पुस्तिका शतकानुशतके हरवली होती. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये फिलोथिओस ब्रिएनिओस यांना तिचे हस्तलिखित मिळाले आणि १८८३ मध्ये ते छापून आले.

दुर्मीळ म्हणजे किती दुर्मीळ?

ख्रिस्ती लिखाणाच्या आधी आणि त्याच्या बाहेर हा शब्द निर्विवादपणे कुठेही सापडलेला नाही. होमर, प्लेटो, नाटककार, इतिहासकार, व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्या, सरकारी कागद, कुठेच नाही. नंतरच्या ख्रिस्ती लेखकांनी तो वापरला, पण ते याच प्रार्थनेवर बोलत होते.

हे फक्त आजच्याच अभ्यासकांच्या लक्षात आले असे नाही. अलेक्झांड्रियात वाढलेला ओरिगेन हा तिसऱ्या शतकातला मोठा पंडित. ग्रीक ही त्याची रोजची भाषा. साधारण इ. स. २३३-२३४ मध्ये प्रार्थनेवर लिहिताना त्याने स्पष्ट म्हटले आहे की हा शब्द ग्रीक विद्वानांपैकी कुणी वापरत नाही, सामान्य माणसांच्या बोलण्यातही तो नाही, आणि शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा. हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याला दोन हजार वर्षांनी शब्द परका वाटला तर नवल नाही. पण त्या भाषेत स्वप्ने पाहणाऱ्या माणसालाही तो परका वाटत होता.

एखाद्या लिखाणात एकदाच येणाऱ्या शब्दाला अभ्यासक ‘हापाक्स लेगोमेनोन’ म्हणतात, म्हणजे ‘एकदाच म्हटलेले’. आपला शब्द मत्तय आणि लूक दोघांकडे आहे, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या तो त्यात बसत नाही. पण दोन्ही जागा एकाच प्रार्थनेच्या आहेत, म्हणून अर्थ लावायला दुसऱ्या जागेची मदत होत नाही. खरी अडचण इथेच आहे.

‘रोजची’ म्हणायला ग्रीकमध्ये साधा शब्द नव्हता का?

होता, आणि एक सोडून अनेक होते. याकोब २:१५ मध्ये ‘रोजच्या अन्नाची’ वाण असलेल्या भावाबहिणीचा उल्लेख आहे. तिथे ‘एफेमेरोस’ हा सरळ शब्द आहे. प्रेषितांची कृत्ये ६:१ मध्ये विधवांना होणाऱ्या रोजच्या वाटपासाठी ‘काथेमेरिनोस’ आहे. लूक तर याच ओळीत ‘काथ हेमेरान’, म्हणजे ‘दररोज’, असे वेगळे म्हणतो. लूक ११:३ मध्ये ‘एपिऊसियोस’चा अर्थही ‘रोजची’ घेतला तर ओळ होते ‘आमची रोजची भाकर रोज आम्हांला दे’. ‘रोज’ दोनदा. चूक नाही, पण जरा खटकते.

ज्याने हा शब्द पहिल्यांदा योजला त्याला नुसते ‘रोजची’ म्हणायचे असते तर तयार शब्द हाताशी होते. ते बाजूला ठेवून त्याने नवा घडवला. त्याला काहीतरी वेगळे म्हणायचे होते, असे मी या पुराव्यावरून धरून चालतो.

मग शब्द बनला कसा? फोड करता येत नाही का?

करता येते, आणि एकापेक्षा जास्त प्रकारे करता येते, म्हणून तर वाद आहे. सुरुवातीचा तुकडा ‘एपी’ हा उपसर्ग, याबद्दल एकमत आहे. ‘वर’, ‘कडे’, ‘साठी’ असे त्याचे अर्थ होतात. पुढच्या तुकड्याबद्दल मुख्य मते तीन.

पहिले मत : ‘एपी’ आणि ‘ऊसिया’. ऊसिया म्हणजे अस्तित्व, सत्त्व. यातून ‘अस्तित्वासाठी लागणारी’, ‘जगण्यापुरती’ भाकर असा अर्थ निघतो. ओरिगेन याच बाजूचा होता, पण त्याला ते आत्म्याच्या अस्तित्वासाठी लागणारे अन्न वाटले. या मतावर एक आक्षेप व्याकरणाचा आहे आणि मराठी माणसाला तो चटकन समजेल, कारण आपल्याला संधी माहीत आहे. ‘प्रति’ आणि ‘एक’ मिळून ‘प्रत्येक’ होते, कुणी ‘प्रतिएक’ म्हणत नाही. तसे ग्रीकमध्ये ‘एपी’पुढे स्वर आला की ‘ई’ सहसा गळते. ऊसियापासूनच बनलेला ‘एपऊसिओदेस’ हा तत्त्वज्ञानातला शब्द आहे, त्यात ती गळलेली दिसते. मग आपला शब्द ‘एपऊसियोस’ व्हायला हवा होता. अर्थात अपवाद आहेत : फिलिप्पैकरांस पत्र ४:५ मधला ‘एपिएइकेस’ म्हणजे सौम्य, १ तीमथ्य १:१० मधला ‘एपिओर्कोस’ म्हणजे खोटी शपथ घेणारा. त्यांच्यात ‘ई’ टिकली आहे. म्हणून हा आक्षेप वजनदार असला तरी त्यावर निकाल लागत नाही.

आणखी एक गोष्ट बघा. ‘ऊसिया’ हा शब्द संपूर्ण नव्या करारात एकाच गोष्टीत येतो, लूक १५:१२-१३, उधळ्या पुत्राच्या. धाकटा मुलगा बापाकडे ‘मालमत्तेतला’ वाटा मागतो, ती मालमत्ता म्हणजे ऊसिया. जमीनजुमला, गुरे, पैसाअडका. ‘सत्त्व’ हा तत्त्वज्ञानातला अर्थ ग्रीकमध्ये जुनाच होता, पण गालीलच्या कोळ्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत तो शोधताना जपून राहावे.

दुसरे मत : ‘एपी’ आणि ‘असणे’ हे क्रियापद. म्हणजे ‘जो दिवस चालू आहे त्या दिवसासाठी’, थोडक्यात आजपुरती. अर्थ सुटसुटीत आहे, पण शब्द असा घडल्याचे दुसरे उदाहरण दाखवता येत नाही, आणि संधीचा आक्षेप इथेही लागतोच.

तिसरे मत : ‘एपी’ आणि ‘येणे-जाणे’ या अर्थाचे क्रियापद. त्याचे ‘येणारी’ या अर्थाचे रूप ‘एपिऊसा’. आता प्रेषितांची कृत्ये १६:११ उघडा. पौल त्रोवसाहून तारवात बसून निघतो आणि ‘दुसऱ्या दिवशी’ नियापुलीस पोहोचतो. तो ‘दुसरा दिवस’ म्हणजे ‘एपिऊसा’. २०:१५ आणि २१:१८ मध्येही तेच. २३:११ मध्ये ‘त्या दिवसानंतरच्या रात्री’ प्रभू पौलाजवळ उभा राहतो, तिथेही तेच रूप ‘रात्र’ या शब्दाला जोडलेले आहे. म्हणजे ‘एपिऊसा’ हा रुळलेला शब्द होता. त्याला विशेषणाचा प्रत्यय लावला की ‘एपिऊसियोस’ : येणाऱ्या दिवसाची. इथे संधीची अडचणही येत नाही, कारण ‘ई’ ही क्रियापदाच्या धातूतच आहे.

म्हणजे ‘उद्याची भाकर आज दे’? पण येशू तर उद्याची चिंता करू नका म्हणाला!

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वेळी येतो आणि तो रास्त आहे. मत्तय ६:११ मध्ये उद्याची भाकर मागायची आणि त्याच अध्यायात, ६:३४ मध्ये, “उद्याची चिंता करू नका” असे ऐकायचे, हे कसे जुळावे?

आधी ‘येणारा दिवस’ म्हणजे कोणता ते बघू. पहाटे उठून म्हणालो तर येणारा दिवस म्हणजे आताच उजाडणारा. रात्री म्हणालो तर उद्याचा. ‘दिदाखे’मध्ये प्रार्थना दिल्यावर लगेच सूचना आहे की ती दिवसातून तीनदा म्हणावी. म्हणजे तोच शब्द सकाळी एका दिवसाकडे बोट दाखवतो आणि संध्याकाळी दुसऱ्या. शिवाय यहुदी लोकांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. दिवस मावळला की ‘येणारा दिवस’ दारात आलेलाच असतो. आपण मध्यरात्री तारीख बदलतो म्हणून ‘आज’ आणि ‘उद्या’ यांच्यात भिंत उभी करतो. त्या लोकांच्या मनात ती त्या जागी नव्हती.

दुसरे, मजुराचे दिवस कसे जात ते बघा. अनुवाद या जुन्या करारातल्या पुस्तकात (२४:१५) आज्ञा आहे की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचे मन तिच्यावर लागलेले असते. मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजूर एका दिवसाला एक दीनार ठरवून येतात आणि संध्याकाळी मालक कारभाऱ्याला मजुरी वाटायला सांगतो. संध्याकाळी हातात पडलेल्या दीनाराचे पीठ येणार, ते मळले जाणार आणि दुसऱ्या दिवशी कामाला जाण्याआधी खाल्ले जाणार. हातावर पोट असलेल्या माणसाला ‘येणाऱ्या दिवसाची भाकर’ म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावे लागत नाही.

हे मला कळले ते शब्दकोशातून नाही, आजीमुळे. नगर जिल्ह्यातल्या आमच्या घरी आजी संध्याकाळी काटवटीत ज्वारीचे पीठ मळायला बसली की माणसे मोजायची. जेवणारी सहा असली तरी भाकरी थापायची जास्त. वरच्या तीन-चार फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवायची, ती सकाळची न्याहारी. शेतावर जाणाऱ्याला पहाटे चूल पेटायची वाट बघायला वेळ नसे. पीठ कमी असले की ती आधी दुरडीतल्या बाजूला काढायची आणि रात्रीच्या जेवणाला स्वतः कमी खायची. मग हात धुऊन, चुलीपाशीच बसून, प्रभूची प्रार्थना म्हणायची. कित्येक वर्षांनी ‘एपिऊसा’ हा शब्द समजला तेव्हा ती फडक्यात बांधलेली भाकर माझ्यासमोर आली.

मराठीत ‘उद्याची भ्रांत’ असा शब्दप्रयोग आहे. ज्याला उद्याची भ्रांत आहे तो कणग्या भरून मागत नाही, एक दिवस मागतो. देवाने रानात इस्राएल लोकांना दिलेले अन्न, तो मान्ना, आठवा. निर्गम १६:४ मध्ये लोकांनी ‘त्या त्या दिवसापुरते’ गोळा करावे असे सांगितले आहे. जास्त ठेवले त्यात किडे पडले (१६:२०). पण सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची परवानगी होती, कारण येणारा दिवस शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, होता, आणि तो साठा नासला नाही (१६:२४). म्हणजे खुद्द मान्नाच्या गोष्टीत आठवड्यातून एकदा ‘उद्याची भाकर आज’ मिळत होती. मत्तय ६:३४ मध्ये येशू ज्याला मनाई करतो ती चिंता आहे. मागण्याला मनाई नाही. मागितले की चिंता उतरते, असा माझ्या वाचनाचा क्रम आहे.

संत जेरोमने एकाच शब्दाचे दोन भाषांतर केले, हे खरे आहे का?

खरे आहे. पोप दमासस यांच्या सांगण्यावरून जेरोमने लॅटिन शुभवर्तमाने सुधारली, तो काळ इ. स. ३८२ ते ३८४. जुन्या लॅटिन भाषांतरात दोन्ही ठिकाणी ‘कोतिदियानुम’, म्हणजे रोजची, असे होते. जेरोमने लूकमध्ये ते तसेच ठेवले. मत्तयात मात्र ‘सुपरसब्स्तान्सियालेम’ असा एक लांबलचक शब्द घातला. ‘एपी’ला ‘सुपर’ आणि ‘ऊसिया’ला ‘सब्स्तान्सिया’, अशी तुकड्याला तुकडा जोडून केलेली रचना. अर्थ साधारण ‘सगळ्या सत्त्वांच्या पलीकडची’.

असे का केले? जेरोम ज्या पिढीत लिहीत होता तिने ‘ऊसिया’ या शब्दावरून मोठी वादळे पाहिली होती. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेत पुत्र हा पित्याशी ‘एकाच ऊसियाचा’ आहे असे ठरले होते आणि त्यावरचे भांडण पुढे अर्धे शतक चालले. त्या दिवसांत ऊसिया ऐकले की कान टवकारले जात. जेरोमच्या कानाला ते कसे वाटले असेल याचा हा माझा अंदाज.

पण जेरोम प्रामाणिक अभ्यासक होता. ३९८ मध्ये मत्तयावर भाष्य लिहिताना त्याने नोंद केली की ‘इब्री लोकांचे शुभवर्तमान’ म्हणून जे पुस्तक आहे त्यात या जागी त्याला ‘माखार’ हा शब्द आढळला, म्हणजे ‘उद्या’. ते पुस्तक आज आपल्याकडे नाही. त्यातला हा एक शब्द जेरोममुळे उरला. आपल्याच भाषांतराला प्रतिकूल असलेली नोंद त्याने दडवली नाही, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

आणि गंमत नव्हे, खरी गोष्ट : चर्चमध्ये लॅटिनमधून म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेत ‘कोतिदियानुम’च राहिला. पुस्तकातला शब्द बदलला तरी लोकांच्या तोंडचा बदलला नाही.

इजिप्तमध्ये एका कागदावर हा शब्द सापडला होता ना?

बऱ्याच जुन्या टीकाग्रंथांत तसे लिहिलेले आहे, म्हणून हे नीट सांगायला हवे. इजिप्तच्या फायूम भागात हवारा येथे फ्लिंडर्स पेट्री यांनी उत्खनन केले. तिथे सापडलेल्या पपायरसांचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदांचे, वाचन ए. एच. सेस यांनी केले आणि ते १८८९ मध्ये छापले गेले. त्यात एक घरखर्चाची यादी होती. तिच्यात सेस यांनी ‘एपिऊसि...’ अशी तुटकी अक्षरे वाचली. १९१५ मध्ये हा मजकूर एका मोठ्या संग्रहात पुन्हा आला आणि अभ्यासकांना आनंद झाला : खर्चाच्या यादीत ‘एपिऊसियोस’, म्हणजे ‘रोजचा शिधा’! बाजारातला शब्द सापडला, ओरिगेन चुकला, असे लिहिले जाऊ लागले.

मूळ कागद मात्र कुणाला दाखवता येईना, तो हरवला होता. पुढे तो अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनिकी ग्रंथालयात असल्याचे लक्षात आले. निजमन आणि वोर्प या दोघांनी तो पुन्हा तपासला आणि १९९९ मध्ये आपले वाचन प्रसिद्ध केले. तिथे ‘एपिऊसि’ नव्हतेच. तिथे होते ‘एलाइऊ’, म्हणजे ‘तेलाचे’. कुणीतरी घरात आणलेल्या तेलाचा हिशेब लिहिला होता.

तेव्हा एखाद्या जुन्या पुस्तकात हा पपायरस पुरावा म्हणून दिसला तर तो सोडून द्या. ओरिगेनचे म्हणणे आजही उभे आहे.

बाकीच्या जुन्या भाषांतरकारांनी काय केले?

प्रत्येकाने आपल्या परीने वाट काढली. सिरियाक ही येशूच्या अरामीची जवळची बहीण. तिच्यातल्या एका जुन्या भाषांतरात ‘अमीना’ आहे, म्हणजे अखंड, न खुंटणारी भाकर. नंतरच्या पेशित्ता या प्रमाण भाषांतरात ‘आमच्या गरजेची भाकर’ आहे. इजिप्तच्या कॉप्टिक भाषेत ‘उद्याची’ आणि ‘येणारी’ अशी दोन रूपे सापडतात.

स्लाव्ह लोकांनी ग्रीक शब्दाची फोड करून तुकड्यास तुकडा जोडला आणि त्यातून रशियनमधला ‘नासुश्नी’ हा शब्द आला. आज रशियनमध्ये निकडीच्या, जीवनावश्यक कुठल्याही गोष्टीला तो लावतात. खुद्द ग्रीसमध्ये तर ‘एपिऊसियोस’ (आजच्या उच्चारात ‘एपियूसिओस’) हाच शब्द रोजीरोटी या अर्थाने बोलला जातो. ‘तो आपली एपियूसिओस कमावतो’ म्हणजे पोटापुरते मिळवतो. कुणालाच नक्की अर्थ माहीत नसलेला शब्द प्रार्थनेतून बाहेर पडून मजुरीच्या भाषेत जाऊन बसला.

येशू अरामीत बोलत होता. मग मूळ अरामी शब्द कोणता?

त्या दिवशी त्याच्या तोंडून निघालेला शब्द लिहून ठेवलेला नाही. इतके मात्र म्हणता येते : मत्तय आणि लूक दोघांकडे हाच विचित्र शब्द आहे. दोघांनी स्वतंत्रपणे एकच नवा शब्द घडवला असणे अवघड आहे. म्हणजे दोघांच्याही आधी, ग्रीक बोलणाऱ्या मंडळीत, ही प्रार्थना या शब्दासह पाठ झालेली होती.

ही भाकर खरीखुरी खायची, की प्रभुभोजनाची?

आरंभीच्या मंडळीने दोन्ही अर्थ घेतले. तिसऱ्या शतकातल्या सिप्रियनने रोजच्या प्रभुभोजनाचा अर्थ घेतला, पण पोटाच्या अन्नाचाही सोडला नाही. ऑगस्टीनने डोंगरावरील प्रवचनावर लिहिताना तीन अर्थ मांडले : शरीराचे अन्न, प्रभुभोजन आणि देवाचे वचन. क्रिसोस्तोमने मात्र सरळ एका दिवसाची भाकर म्हटली. कॅथलिक चर्चच्या आजच्या धर्मशिक्षणग्रंथातही (परिच्छेद २८३७) या शब्दाचे एकापेक्षा अधिक अर्थ शेजारी शेजारी दिले आहेत.

ल्यूथरने १५२९ च्या छोट्या धर्मप्रश्नोत्तरीत ‘रोजची भाकर म्हणजे काय’ याची जी यादी दिली ती मला सर्वांत जवळची वाटते : अन्न, पाणी, कपडे, जोडे, घर, शेत, गुरेढोरे, चांगला कारभार, चांगला पाऊसपाणी, शांतता, आरोग्य, विश्वासू शेजारी. शेतकऱ्याच्या घरात ही यादी वाचून दाखवा, एकही नोंद परकी वाटणार नाही.

माझे स्वतःचे मत असे की आधी भाकर खरी खायची धरावी. भुकेल्या माणसाच्या तोंडी दिलेल्या प्रार्थनेचा लगेच आध्यात्मिक अर्थ काढणे मला बरे वाटत नाही. त्या भाकरीतून प्रभूच्या मेजापर्यंत जाता येते. उलट दिशेने येताना पुष्कळदा भाकर वाटेतच राहते.

आपल्या भाषांमध्ये हा शब्द कसा आला?

मराठीत ‘रोजची भाकर’. ग्रीक ‘आर्तोस’ म्हणजे भट्टीत भाजलेली पोळी किंवा पाव. योहान ६:९ मधल्या मुलाकडे जवाच्या पाच भाकरी होत्या, तो गरिबाचा आहार. मराठी भाषांतरकारांनी तिथे ‘भाकर’ घातली हे मला नेहमीच अचूक वाटले आहे. जव असो की ज्वारी, कष्टकऱ्याच्या हातातला तो पदार्थ तोच.

हिंदीत ‘हमारी दिन भर की रोटी आज हमें दे’ असे आहे. ‘दिनभराची’, म्हणजे एका दिवसाला पुरेल इतकी. इथे भर वारंवारतेवर नाही, मापावर आहे. आणि लूकमध्ये हिंदी म्हणते ‘हर दिन हमें दिया कर’, कारण मत्तयात ‘एकदा दे’ असे रूप आहे तर लूकमध्ये ‘देत राहा’ असे. मराठीत ‘देत जा’ म्हटले की हा फरक बरोबर उतरतो.

गोव्यात कोंकणी प्रार्थनेत ‘आमचो दिसपट्टो गिरास आयज आमकां दी’ म्हणतात. गिरास म्हणजे ग्रास, घास. भाकर न म्हणता घास म्हटले की मागणे एकदम लहान होते, तोंडापाशी येते.

आणि पंडिता रमाबाईंचे नाव इथे घ्यायलाच हवे. केडगावच्या मुक्ती मिशनचा एवढा व्याप सांभाळून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायचे काम अंगावर घेतले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या तोवर ते पुरे करत आणले. ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींना त्या रोज जेवू घालत होत्या. ‘एपिऊसियोस’पाशी लेखणी थांबली असेल तेव्हा स्वयंपाकघरातला आवाज त्यांच्या कानावर पडत असणार.

मग आम्ही आजवर चुकीची प्रार्थना म्हणत होतो का? बदलायला हवी का?

नाही, आणि नाही. ‘येणाऱ्या दिवसाची’ हा अर्थ मला सर्वांत भक्कम वाटतो : शब्दाची घडण त्याला अनुकूल आहे, जेरोमची ‘माखार’ची नोंद अनुकूल आहे, कॉप्टिक भाषांतरे अनुकूल आहेत. पण ‘जगण्यापुरती’ म्हणणाऱ्यांनाही नीतिसूत्रे ३०:८ चा मोठा आधार आहे : मला दारिद्र्य नको, श्रीमंतीही नको, माझ्या वाट्याची भाकर दे. ‘रोजची’ या शब्दात हे दोन्ही अर्थ अंग आखडून का होईना, बसतात. जो माणूस रोज मागतो तो रोज येणाऱ्या दिवसाचेच मागतो. मंडळीने पिढ्यान्‌पिढ्या एकत्र म्हटलेला शब्द एका अभ्यासकाच्या मतावरून बदलू नये असे मला मनापासून वाटते. एकट्याने म्हणताना मात्र कधी ‘येणाऱ्या दिवसाची’ म्हणून बघा.

ग्रीक येत नसेल तर हे सगळे कसे पडताळायचे?

मराठी बायबल पुरते. निर्गम १६ पूर्ण वाचा. नंतर नीतिसूत्रे ३०:७-९, मत्तय ६:९ ते ३४ एका दमात, आणि मत्तय २०:१-१६. शेवटी लूक ११ काढा आणि चौथ्या वचनावर थांबू नका. प्रार्थना संपल्याबरोबर येशू एक गोष्ट सांगतो : मध्यरात्र आहे, एक मित्र प्रवासातून दारात आला आहे, आणि घरात त्याच्यापुढे ठेवायला काही नाही. घरधनी दुसऱ्या एका मित्राचे दार ठोठावतो आणि तीन भाकरी उसन्या मागतो. आतून आवाज येतो, दार लावले आहे, मुले माझ्याजवळ निजली आहेत. तिथला भाकरीचा शब्दही ‘आर्तोस’च आहे.